एकवीसच्या मागे धावू नका

ब्लॅकजॅक म्हणजे एकवीस गाठायचे, असे सांगणाऱ्याकडून हा खेळ शिकू नये. एकवीसच्या पुढे जायचे नाही हे खरे, पण हरवायचे असते ते फक्त डीलरला. तुमचे तेराच झाले आणि डीलर बावीसवर जाऊन फुटला, तरी डाव तुमचा. टेबलावर शेजारी कोण बसले आहे, त्याच्याशी तुमचे देणेघेणे नाही.

मोजणी रमी खेळणाऱ्या घरात पाच मिनिटांत कळते. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानाचा आकडा तेच गुण, गुलाम-राणी-राजाचे दहा-दहा, एक्का सोयीनुसार एक किंवा अकरा. हुकूमबिकूम काही नाही. प्रत्येकाला दोन पाने मिळतात. डीलरचे एक उघडे, एक पालथे. आपण आणखी पाने मागायची किंवा थांबायचे. सगळ्यांचे झाले की डीलर पालथे पान उलटतो. त्याला मात्र मनासारखे काहीच करता येत नाही: सोळापर्यंत पान घ्यायचेच, सतरा झाले की थांबायचे.

मग कॅसिनो कमावतो कुठे? खेळाडू आधी खेळतो, इथे. तुम्ही फुटलात की चिप्स लगेच उचलल्या जातात. नंतर डीलरही फुटला तरी त्या परत येत नाहीत.

खरी पंचाईत बारा ते सोळा गुणांची. समजा हातात दश्शी आणि छक्की आली. पान मागितले तर छक्कीपासून राजापर्यंत कोणतेही पान तुम्हाला फोडते, म्हणजे तेरांपैकी आठ. आता डीलरचे उघडे पान पाहा. तिथे छक्की असेल तर शंभरात साधारण बेचाळीस वेळा तो स्वतःच फुटतो. मग आपण कशाला जोखीम घ्यावी? गप्प थांबावे. तिथे दश्शी असेल तर तो शंभरात वीस-बावीस वेळाच फुटतो. तेव्हा जीव मुठीत धरून पान मागावे. जिंकायला नव्हे, थोडे कमी हरायला. नवख्याला नेमके हेच पचत नाही.

हे हिशेब कुणा जुगाऱ्याने मांडलेले नाहीत. अमेरिकी लष्कराच्या अॅबरडीन तळावर रॉजर बाल्डविन आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड केली आणि १९५६ मध्ये ती संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. पुढे १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने ‘बीट द डीलर’ या पुस्तकात गेलेली पाने लक्षात ठेवून खेळायची रीत सांगितली आणि कॅसिनो हादरले. आता सहा-आठ कॅट एकत्र पिसतात; नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. कोणत्या पानांवर काय करायचे याचा तक्ता पाठ केला आणि टेबलाचे नियम बरे असले, तर कॅसिनोचा वाटा शंभर रुपयांमागे सुमारे अर्ध्या रुपयावर येतो. शून्यावर कधीच नाही.

तक्त्यातले थोडे आजच घ्या. दोन एक्के किंवा दोन अठ्ठ्या आल्या तर जोडी फोडून दोन डाव करावेत. दोन दश्श्या फोडू नयेत. डीलरचा एक्का उघडा असला की ‘इन्शुरन्स’ विचारतात. ती पालथ्या पानावर लावलेली वेगळी पैज असते. दहाचे पान निघाले तर एकास दोन मिळतात, पण तशी पाने तेरांत चारच. सरळ नको म्हणावे.

महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा झाला, पण कधी अमलात आला नाही. ऑनलाइन पैसे लावून खेळायलाही २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्यामुळे घरी चिंचोके लावून हात बसवावा. मराठी माणसाला जवळचा कॅसिनो म्हणजे गोव्यातल्या मांडवीवरच्या बोटी. तिथे किंवा कुठेही बसण्याआधी टेबलावर छापलेला दर वाचा. एक्का आणि दहाचे पान पहिल्या दोनांतच आले, तर ‘तीनास दोन’च्या टेबलावर हजारावर दीड हजार मिळतात, ‘सहास पाच’च्या टेबलावर बाराशेच. अशी दोन पाने साधारण एकवीस डावांत एकदा येतात, त्यामुळे ही कपात चांगलीच झोंबते. दुसरे टेबल शोधा.

आणि पान हवे असेल तर बोटाने टेबलावर टकटक करा, नको असेल तर पानांवरून आडवा हात फिरवा. नुसते तोंडाने सांगून भागत नाही. वाद झालाच तर छतावरच्या कॅमेऱ्यात दिसतो तो तुमचा हात.