‘मिसेंग’ आणि आपला चाकरमानी

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कोरियन दूरचित्रवाणी मालिकेवर बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. मला कोरियन भाषा येत नाही. पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचूनच मी ही मालिका पाहिली, आणि त्यांतही अडले तेथे घरातल्या मुलांना विचारले. पण वीस भाग पाहून झाले तेव्हा वाटले की, सोल शहरातली ही गोष्ट सकाळी आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचीही आहे. आपण कोण आहोत हे त्या माणसाला नीट ठाऊक नाही, आणि त्या अज्ञानाची किंमत तो रोज मोजतो आहे. हे एवढेच मला सांगावयाचे आहे.

मालिकेचे नाव ‘मिसेंग’. यून ते-हो या चित्रकाराने २०१२ साली सुरू केलेल्या चित्रकथेवरून ती तयार झाली आणि २०१४ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत कोरियात दाखवली गेली. प्रेमकथा नाही, खून नाही, राजघराणे नाही. एका मोठ्या व्यापारी कंपनीची कचेरी, टेबले, टेलिफोन, छायाप्रती काढण्याचे यंत्र आणि रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे, एवढ्यावर वीस भाग उभे आहेत. तरीही लोकांनी ती डोक्यावर घेतली, कारण त्यांतल्या प्रत्येकाला आपलेच टेबल पडद्यावर दिसले.

नायक जांग ग्रे हा सव्वीस वर्षांचा तरुण. लहानपणापासून त्याने ‘बदुक’ या पटावरच्या खेळात आयुष्य घातले. जपानात याच खेळाला ‘गो’ म्हणतात. व्यावसायिक खेळाडू होणे जमले नाही, वडील वारले, आणि कोणाच्या तरी शिफारशीने तो कंपनीत उमेदवार म्हणून चिकटला. त्याच्याकडे पदवी नाही, परकी भाषा नाही. बरोबरचे उमेदवार मोठमोठ्या विद्यापीठांतले. परीक्षेत तो टिकतो, परंतु इतरांना कायम नोकरी मिळते आणि याला दोन वर्षांचा करार. टेबल तेच, काम तेच, रात्रीचे जागरणही तेच. सणाची भेट मात्र वेगळी. कायम नोकरांना डबाबंद मांसाचा संच आणि कराराच्या माणसाला खाद्यतेलाच्या बाटल्या! ज्यांच्या कचेरीत दिवाळीला दोन प्रकारचे डबे वाटले जातात, त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

‘मिसेंग’ हा शब्द त्या खेळातला आहे. पटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या मांडतात. सोंगटीच्या शेजारची सगळी मोकळी ठिकाणे शत्रूने व्यापली की ती उचलली जाते. परंतु सोंगट्यांच्या एखाद्या गटाने आपल्या वेढ्यात दोन स्वतंत्र मोकळी घरे राखली, तर त्या गटाला कोणी मारू शकत नाही. तो गट ‘जिवंत’ झाला. ज्याची दोन घरे अजून झालेली नाहीत, जो मेलेला नाही आणि पुरता जिवंतही नाही, तो ‘मिसेंग’. कराराच्या नोकरीवरच्या माणसाला याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही.

आता मालिकेतला एक प्रसंग सांगतो. परीक्षेत उमेदवारांच्या जोड्या लावलेल्या असतात आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला काहीतरी विकून दाखवावयाचे असते. जांग ग्रेचा जोडीदार कारखान्याचा अभिमानी आहे. खरे काम कारखान्यात होते, कचेरीत नुसते कागद हलतात, असे त्याचे मत. जांग ग्रे त्याच्यासमोर कचेरीत वापरून झिजलेल्या सपाता ठेवतो. दिवसभर बूट घालून पाय सुजतात म्हणून कचेरीतला माणूस सपाता घालतो, त्यांना घामाचा वास येतो. तेव्हा कचेरी हीही कामाचीच जागा आहे, असा त्याचा मुद्दा. या प्रसंगापाशी मी मालिका थांबवली आणि बराच वेळ तसाच बसलो. आम्ही संघटनेची माणसे तीस-तीस वर्षे जे पटवून देतो आणि जे पटत नाही, ते या पोराने एका सपातांच्या जोडावर सांगितले होते.

आपल्याकडे ते का पटत नाही? १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी आली, १८५४ साली ती कल्याणपर्यंत गेली, आणि पुढे या रुळांच्या कडेने चाकरमान्यांची गावे वाढली. आमच्या भागात काम करणाऱ्यांच्या दोन जाती मानल्या गेल्या. एक भोंग्यावर जाणारा कामगार. दुसरा डबा आणि वर्तमानपत्र घेऊन जाणारा ‘नोकरदार’. कामगाराला संघटना, नोकरदाराला इभ्रत. आज भोंगे जवळपास थांबले आहेत. मोहोन्याचा एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला. वागळे इस्टेटीत जेथे यंत्रे होती तेथे काचेच्या इमारती आणि संगणक आले. कामगाराचा मुलगा गळ्यात ओळखपत्र घालून त्याच जागी कामाला जातो. बापाजवळ संघटना होती. मुलाजवळ फक्त इभ्रत आहे.

वस्तुतः या इभ्रतीचा इतिहासही संघटनेचाच आहे. बँकेतल्या कारकुनांनी १९४६ साली कलकत्त्यात अखिल भारतीय संघटना स्थापन केली. १९५३ चा शास्त्री निवाडा, १९६२ चा देसाई निवाडा आणि १९६६ चा पहिला द्विपक्षीय करार या पायऱ्यांनी त्यांचे पगार, कामाचे तास आणि बढतीचे नियम ठरत गेले. महाराष्ट्राच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी १९७७-७८ साली र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली चोपन्न दिवस संप केला. डोंबिवलीतली आणि नौपाड्यातली कितीतरी घरे त्या पगारांवर उभी राहिली. ही सुबत्ता कोणा साहेबाच्या मेहरबानीने आलेली नव्हती.

काही वर्षांपूर्वी कल्याणची एक मुलगी माझ्याकडे आली. ठाण्यातल्या एका कचेरीत अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर ती काम करीत होती. चौथा कागद संपत आला होता आणि पाचवा मिळणार नव्हता. खुर्चीवर टेकताच म्हणाली, “काका, तुमची युनियन कामगारांची ना? मी तर एक्झिक्युटिव्ह आहे.”

मी विचारले, “बाळ, तुझ्या हाताखाली किती माणसे?”

“एकही नाही.”

“कोणाची रजा मंजूर करतेस?”

“नाही हो. माझीच टी.एल. मंजूर करतो.”

“मग दिवसभर करतेस काय?”

“बिलं तपासते. नोंदी भरते.”

“अगं, मग ही कारकुनी आहे. तू कामगार आहेस.”

तिचा चेहरा उतरला. नोकरी जात असल्याचे दुःख होतेच. त्यात आपण ‘कामगार’ निघालो याचे आणखी एक.

येथे कायदा समजून घेतला पाहिजे. तुमच्या ओळखपत्रावर काय छापले आहे यावरून तुम्ही कामगार आहात की नाही हे ठरत नाही. तुम्ही मुख्यतः कोणते काम करता ते पाहिले जाते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ या शब्दात कारकुनी आणि तांत्रिक काम करणारा बसत होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो बसतो. मुख्यतः व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा वगळला आहे. महिना अठरा हजारांहून अधिक पगार असणारा देखरेखीचा माणूसही वगळला आहे. परंतु ही अठरा हजारांची रेघ देखरेख करणाऱ्यापुरती आहे, कारकुनाला ती लागू नाही. तेव्हा ‘असिस्टंट मॅनेजर’ अशी पाटी लावून बिले तपासायला बसवलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने बहुधा कामगारच ठरेल. पाटी फुकट मिळते. हक्क सोडून देण्याइतकी ती मोलाची नाही.

दुसरा प्रश्न मुदतीच्या नोकरीचा. कोरियाने २००७ साली कायदा अमलात आणला की, कराराचा नोकर दोन वर्षांहून अधिक काळ ठेवला तर तो बेमुदत नोकर मानावा. हेतू चांगला. परिणाम असा झाला की पुष्कळ मालक दोन वर्षे भरण्याच्या आतच माणसाला निरोप देऊ लागले. जांग ग्रेचे दोन वर्षांचे घड्याळ हेच आहे. मालिका संपली त्याच महिन्यात सरकारने पस्तीस वर्षांवरील करारी नोकरांसाठी ही मुदत चार वर्षांपर्यंत वाढवण्याची योजना मांडली, तेव्हा लोकांनी तिला ‘जांग ग्रे कायदा’ असे नाव दिले. कामगार संघटना म्हणाल्या, यातून जांग ग्रे वाचणार नाहीत, वाढतील. ती चार वर्षांची तरतूद कायद्यात उतरली नाही. एका कथेतल्या पात्राचे नाव कामगार कायद्याच्या वादात झेंड्यासारखे वापरले गेले, याची नोंद आपल्या नाटककारांनीही घ्यावी.

आपल्याकडे काय झाले? १९४७ च्या कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की सलग एक वर्षाची सेवा धरत, आणि मग नुकसानभरपाईशिवाय कपात करता येत नसे. म्हणून मालकांनी मध्ये चार दिवसांचा खंड पाडण्याची युक्ती काढली. त्यावर महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले की, कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. पुढे केंद्राच्या कायद्यातही हे कलम आले. परंतु १९८४ पासून केंद्राच्या कायद्यात आणखी एक वाक्य शिरले: कराराची मुदत संपून नोकरी गेली तर ती ‘कपात’ नव्हे. पुढच्या दाराला कुलूप लावले आणि मागचे दार उघडे ठेवले, असे हे झाले.

नव्या संहितेने मुदतबंद नोकरीला उघड मान्यता दिली आहे. तिच्यातले चांगले आधी सांगतो. तेच काम करणाऱ्या कायम नोकराइतकाच पगार, तेवढेच तास, तेच भत्ते मुदतीच्या नोकराला दिले पाहिजेत. आणि पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेवर त्याला ग्रॅच्युइटी मिळते. तेलाची बाटली आणि मांसाचा डबा हा भेद पगारात करता येणार नाही. उणीव अशी की, असे करार किती वेळा करावेत याला संहितेने मर्यादा घातलेली नाही. कोरियाने दोन वर्षांची भिंत घातली आणि मालक भिंतीच्या अलीकडे थांबले. आपण भिंतच घातली नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. कोरियात आठवड्याचे काम अडुसष्ट तासांपर्यंत नेता येत असे; २०१८ साली ही मर्यादा बावन्न तासांवर आली. २०२३ साली सरकारने ती एकोणसत्तरपर्यंत वाढवण्याचा विचार मांडला, तेव्हा तरुण नोकरदारांनीच इतका विरोध केला की सरकारला माघार घ्यावी लागली. आपल्या राज्यात २०२५ साली वीस किंवा अधिक माणसांच्या दुकानांत व कचेऱ्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास करण्यात आली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम ठेवले. फलाटावर याची चर्चाही ऐकू आली नाही. दहा तासांत डोंबिवलीहून मुंबईला जाण्यायेण्याचे तीन तास मिळवा. घराला काय उरते ते प्रत्येकाने आपल्या बोटांवर मोजावे. २०२४ साली पुण्यात हिशेबतपासणीच्या एका बड्या कंपनीतली सव्वीस वर्षांची मुलगी नोकरीला लागल्यापासून चार महिन्यांत मरण पावली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. त्यानंतर कामगार खात्याने पाहणी केली, तेव्हा त्या कचेरीने दुकाने व आस्थापना कायद्याखाली वर्षानुवर्षे नोंदणीच केली नव्हती असे आढळले. काचेच्या इमारतीत कायदा आपोआप शिरत नाही. त्याला कोणीतरी हात धरून आत न्यावे लागते.

मालिकेत मला एक उणीव वाटते, तीही सांगितली पाहिजे. जांग ग्रेचा वरिष्ठ ओ हा भला माणूस आहे. या मुलाला कायम करता यावे म्हणून तो धोक्याचा व्यवहार अंगावर घेतो. व्यवहार फसतो, ओला कंपनी सोडावी लागते, मुलाचा करार संपतो, आणि शेवटी ओच्या नव्या छोट्या कंपनीत त्याला जागा मिळते. डोळे पाणावतात. परंतु हा मार्ग ज्याला ओ भेटला त्याचा. ज्याला तो भेटला नाही त्याने काय करावे? याचे उत्तर मालिका देत नाही.

कल्याणच्या त्या मुलीची नोकरी आम्हाला वाचवता आली नाही. ती एकटी आली, आणि शेवटच्या आठवड्यात आली. तिच्याच दालनात तसल्याच कागदावर आणखी माणसे होती. ‘आपले नाव पुढे येऊ नये’ म्हणून त्यांतले कोणी साक्षीला उभे राहिले नाही. त्यांचेही कागद पुढे संपलेच. पहिल्या वर्षी सात जणांनी मिळून विचारले असते, तर निकाल वेगळा लागण्याची शक्यता होती. आजही सात जणांना संघटनेच्या नोंदणीचा अर्ज करता येतो. नोंदणीसाठी आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात. वीस-तीस माणसांच्या कचेरीत हे अशक्य नाही.

म्हणून घरी गेल्यावर एवढे करा. आपले नेमणूकपत्र काढून वाचा. पत्र देणे मालकावर बंधनकारक आहे, नसेल तर मागा. पगारपत्रके आणि हजेरीच्या नोंदी जपून ठेवा. आपण कोणाचे नोकर आहोत, कंपनीचे की ठेकेदाराचे, हे पाहा. आणि उद्या गाडीत शेजारी बसणाऱ्याला त्याच्या कागदाची मुदत विचारा. बदुकच्या पटावर एकट्या सोंगटीला चारच मोकळी ठिकाणे असतात. ती दुसरीला जोडली गेली की दोघींच्या मोकळ्या जागा एकत्र मोजल्या जातात, आणि मारणाऱ्याला तेवढ्या अधिक खेळ्या कराव्या लागतात. जांग ग्रे हे लहानपणापासून जाणत होता. कचेरीत मात्र त्याला ते कोणी आठवून दिले नाही.