वर्धा-सेवाग्राम रस्ता

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याच्या मगनवाडीतून शेगावास पायी गेले, तेव्हा तेथवर पक्की सडक नव्हती. आज सुमारे आठ किलोमीटरांचे हे अंतर मोटारीतून पाहता पाहता सरते. मुलांना मात्र ते एकवार पायी चालवावे. मगन संग्रहालय १९३८ साली उघडले. तेथील चरख्यांपाशी घाई करू नये.

बुलढाण्याकडील शेगावाशी घोटाळा होऊन टपाल चुके, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापू कुटी मुळात मीराबेनसाठी बांधलेली होती, हे सांगावयाचे बहुधा राहूनच जाते. जवळच नयी तालीमची शाळा निघाली. त्या शिक्षणाचा विचार ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला गेला होता.