मंग त्याले खोली कोन देई?

अमळनेरच्या एका दुकानात बी.ए.चे गाईड हाती आले. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेच्या नायकाचे स्वभावचित्र त्यात चार शब्दांत उरकले होते: भित्रा, हळवा, स्वाभिमानी, बंडखोर. एकच माणूस भित्राही आणि बंडखोरही कसा? वर्गात हा माणूस कसा वाचला जातो ते पाहायला मी त्याच तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मागच्या बाकावर जाऊन बसलो.

मॅडमनी कथा वाचून दाखवली, फळ्यावर पात्रांची नावे लिहिली. "स्वभावचित्राला पाच गुण," त्या म्हणाल्या. वह्या उघडल्या. पहिल्या बाकावरून गाईडमधलेच उत्तर आले: "नायक भित्रा आहे."

दोंडाईच्याहून येणारी एक मुलगी उठली. वर्गात ती प्रमाण मराठी बोलायची. त्या क्षणी तोंडातून घरची अहिराणी निघाली. "पन मॅडम, जात सांगी तं मंग त्याले खोली कोन देई?"

वर्ग गप्प झाला. मॅडमनी खडू खाली ठेवला.

कथा घडते ती उधन्याला. सुरतजवळचे हे स्टेशन या मुलांच्या रोजच्या रेल्वेमार्गावरचेच. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण तिथे जात लपवून राहतो. कवी म्हणून त्याला मान मिळतो, आणि जात कळताच तीच माणसे त्याला मारतात. सोडवायला धावतो तो काशिनाथ. त्याने स्वतःची जात कधीच लपवलेली नसते आणि त्याच्याजवळ चाकू असतो. 'भित्रा' हा शब्द लिहून नायकाचा हिशेब संपवला, की काशिनाथ कथेत कशासाठी आहे हेच कळत नाही. दोघांपुढे संकट एकच आहे, वाटा दोन आहेत. कथेचा विषय या दोन वाटांमध्ये आहे, आणि तो त्या मुलीने भाड्याच्या खोलीवरून गाठला.

ही कथा १९६३ सालच्या कथासंग्रहातली. अमळनेरच्याच जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे कादंबरीकार भालचंद्र नेमाडे कथा या प्रकाराला कमी लेखत आले आहेत. त्या दिवशीच्या वर्गात मात्र काही पानांच्या कथेने बाकांवरच्या मुलांना स्वतःच्या भाड्याच्या खोल्या आठवायला लावल्या. एकाने सांगितले, धुळ्यात खोली बघताना घरमालकाने आधी आडनाव विचारले होते.

तासाची घंटा झाली. पाच गुणांचे उत्तर अर्धेच राहिले होते. मुलीच्या वहीत 'भित्रा' खोडलेला होता आणि पुढची ओळ कोरी होती.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एकच विनंती आहे. पाच गुण तेवढेच ठेवा, पण 'स्वभावचित्र रेखाटा' याऐवजी 'हा माणूस असा का वागला?' एवढे विचारा.