महामार्गाचा बांध आणि जड मालमोटारी

भिवंडी तालुक्यांत भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यास बांधाची महती सांगावयास नको. आवणी झाल्यावर खाचरांत पाणी ठरलें पाहिजे, आणि तें ठरतें तें बांधाच्या जोरावर. बांध सगळीकडे हातभर उंच असला, पण एके ठिकाणीं खेकड्यांनीं पोखरलेला असला, तर बाकीची उंची कामास येत नाहीं. रात्रींतून खाचर कोरडें पडतें व खालच्या शेजाऱ्याचें रोप वाहून जातें. मोठ्या रस्त्याच्या मधोमध जो दुभाजक असतो त्याचें काम याहून निराळें नाहीं. एका अंगाचा प्रवाह दुसऱ्या अंगावर जाऊं न देणें एवढ्यासाठींच तो आहे. तथापि आपल्या भागांत त्यास नुसता अडथळा समजण्याची चाल पडली आहे, आणि तो फोडून वाट करण्यांत आपण शेतकरीही मागें नसतों. म्हणून या मासिकांत हा विषय घेणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

आपल्या तालुक्यांतून जाणारा जुना आग्रा रोड आतां पूर्वीचा राहिलेला नाहीं. ठाण्याहून माणकोली, रांजणोली, वडपें, पडघें, शहापूर, कसारा असा तो नाशिकाकडे जातो. वडपें ते गोंदे हा सुमारें १०० किलोमीटरांचा भाग चौपदरी झाला. ठाणें ते वडपें हा सुमारें २४ किलोमीटरांचा भाग आठपदरी करण्याचें काम राज्य रस्ते विकास महामंडळानें हातीं घेतलें. आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धि महामार्ग आपल्याच तालुक्यांतील आमणें येथपर्यंत येऊन मिळाला. ज्या शेतांत भात होई तेथें काल्हेर, दापोडें, पूर्णा, माणकोली या बाजूस गोदामांच्या ओळी उभ्या राहिल्या. न्हावाशेवा बंदरांतील कंटेनर येथें येतात व येथून देशभर माल जातो. शहरांतून जड वाहनांस ठराविक वेळींच प्रवेश असल्यामुळें त्या रस्त्याकडेस तासन्‌ तास खोळंबतात आणि वेळ होतांच सर्व एकदम निघतात. त्याच रस्त्यानें नाशिककडील कांदा, टोमॅटो व द्राक्षें रात्रीं वाशीच्या बाजारास उतरतात. माल भरलेल्या टेंपोंत हांकणाऱ्याशेजारीं बहुधा मालाचा धनी बसलेला असतो, व पहाटेपर्यंत दोघांनाही झोप नसते.

दुभाजक ओलांडून होणारा अपघात इतर अपघातांपेक्षां अधिक घातक कां, हें नीट समजून घेतलें पाहिजे. एकाच दिशेनें जाणाऱ्या दोन वाहनांची टक्कर झाली तर त्यांच्या वेगांची वजाबाकी होते. समोरासमोर झाली तर बेरीज होते. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी मालमोटार पुढच्या ६० वेगाच्या गाडीवर मागून आदळली तर तो फरक २० चा. तीच मधला पट्टा ओलांडून तशाच गाडीस समोरून भेटली तर तो १४० चा होतो. शिवाय समोरून येणाऱ्याचा यांत कांहींएक अपराध नसतो. तो आपल्या बाजूनें, आपल्या वेगानें, सरळ चाललेला असतो.

२३ डिसेंबर २०१२ रोजीं रात्रीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मावळांत असेंच झालें. विरुद्ध बाजूचा एक टेंपो दुभाजक ओलांडून समोरच्या मोटारीवर आदळला आणि तींतील आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे हे दोघे लोकप्रिय नट, तसाच पेंडसे यांचा लहानगा मुलगा, प्राणास मुकले. तो ९४.५ किलोमीटरांचा रस्ता २००२ सालीं पुरा झालेला, देशांत नांवाजलेला. परंतु मधल्या पट्ट्यांत वाहन अडवून धरील असा कठडा सर्वत्र नव्हता. पुढें पुष्कळ ओरड झाल्यावर तेथें तारदोरांचे कठडे बसविण्यांत आले. २०१६ पासून महामंडळ, महामार्ग पोलीस व सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनें मिळून त्या रस्त्यावरील एकेक घातक जागा शोधून दुरुस्त करण्याचें काम चालविलें. २०१६ सालीं तेथें १५१ माणसें दगावलीं होतीं, २०१९ सालीं ९२. हें सर्व यश एकट्या कठड्याचें नव्हे. वेगावर नजर ठेवणें, बंद पडलेलीं वाहनें ताबडतोब हलविणें, जखमींस लौकर इस्पितळांत पोहोंचविणें याही गोष्टी त्यांत आल्या. पण रस्ता सुधारला तर माणसें वांचतात, नशिबावर हवाला ठेवण्याचें कारण नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

आतां कठडा कसा असावा हें पाहूं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं दुभाजक म्हणजे वीतभर उंचीची दगडी अगर सिमेंटची कड आणि मध्यें माती. मालमोटारीचें चाक सुमारें एक मीटर उंच असतें. त्यास वीतभर कड म्हणजे उंबरठा. वेगांत असलेलें वाहन तींवरून सहज चढतें, आणि कित्येकदां चढतांना उसळून अधिकच बेताल होतें. त्या मातींत कण्हेर लावतात. कण्हेर विषारी असल्यामुळें गुरें तिला तोंड लावीत नाहींत, ती पाण्यावांचून तगते, आणि रात्रीं समोरच्या दिव्यांची तिरीप तिच्यामुळें डोळ्यांवर येत नाहीं, हे तिचे तीन गुण खरे. पण ती उजेड अडविते, मालमोटार अडवीत नाहीं. हिरव्यागार दाट कुंपणामुळें रस्ता सुरक्षित झाला असें प्रवाशास वाटतें, तो निव्वळ भास आहे.

खरा कठडा वाहनास थांबवीत नाहीं, वळवितो. हें ऐकून नवल वाटेल, पण पाण्याच्या लोंढ्यासमोर आडवा बांध घालणें आणि त्यास तिरपें वळण देणें यांतील भेद शेतकऱ्यास ठाऊक आहे. ३६ टनांची भरलेली मालमोटार ताशीं ८० वेगानें जात असतां तिच्या अंगीं जो जोर असतो, तो त्याच वेगानें जाणाऱ्या एका टनाच्या मोटारीच्या ३६ पट. एवढा जोर एकाएकीं जिरविणें कोणत्याही भिंतीच्या आवांक्याबाहेरचें आहे. पण तीच मालमोटार १५ अंशांच्या लहान कोनानें कठड्यास घासली तर भिंतीवर येणारा जोर एकंदरीच्या पंधराव्या हिश्श्याएवढाच असतो. बाकीचा रस्त्याच्या दिशेनें पुढें निघून जातो व ब्रेकनें जिरतो. कठडा रस्त्यालगत सलग असला तर कोन लहान राहतो. तो तुटक असला तर वाहन त्याच्या उघड्या टोकावर आदळतें, आणि मग वळणें नाहीं, भोसकणेंच. वेगाचा हिशेबही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ६० चा वेग ८० झाला म्हणजे जोर पावणेदोन पटींहून अधिक होतो.

अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत १९५० नंतरच्या दशकांत जी तिरप्या पायथ्याची काँक्रीटची भिंत निघाली, तिच्या नांवानें तो नमुना जगभर पसरला. पायथ्याच्या उतारावर चाक थोडें चढतें व वाहन आपोआप परत रस्त्याकडे वळतें, अशी तिची युक्ति आहे. तिची नेहमींची उंची ३२ इंच. मोटारींस ती पुरते. पण भरलेल्या मालमोटारीचें ओझें उंचावर असल्यामुळें ती तेवढ्या भिंतीवरून पलीकडे कलंडूं शकते. म्हणून जड वाहतुकीच्या रस्त्यांवर ४२ इंचांची, आंत लोखंड भरलेली भिंत घालतात. ३६ टनांची मालमोटार ८० च्या वेगानें १५ अंशांत आदळवून कठडा पारखण्याची रीतच तिकडे ठरलेली आहे. तारदोरांचा कठडा स्वस्त, व मोटारींस मऊ. मात्र तो प्रत्येक भारास पुरेल असें समजूं नये. २६ मार्च २०१० रोजीं केंटकी राज्यांत मनफर्डव्हिल गांवाजवळ एक मालमोटार मधल्या पट्ट्यांतील तारदोरांचा कठडा तुडवून पलीकडे गेली व एका प्रवासी गाडीवर आदळली. त्या गाडींतील १० आणि मालमोटारीचा चालक अशीं ११ माणसें मेलीं. चौकशींत आढळलें कीं, चालकाचें लक्ष मोबाइल फोनमध्यें गुंतलें होतें, आणि तो कठडा इतक्या जड वाहनासाठीं बनविलेलाच नव्हता. आपल्याकडेही इंडियन रोड्स काँग्रेसनें २०१५ सालीं कठड्यांविषयीं स्वतंत्र नियमावली काढली आहे. तेव्हां कोणत्या रस्त्यास कोणता कठडा हा प्रश्न ठेकेदाराच्या मर्जीचा राहिलेला नाहीं.

आतां आपल्या खेकड्यांकडे वळूं. महामार्गाच्या दुभाजकांत ढाब्यासमोर, पेट्रोलपंपासमोर, गोदामाच्या फाटकासमोर आणि शेताच्या वाटेवर अशीं खिंडारें पडलेलीं दिसतात. कोणी रात्रीं पहारीनें कड उपटतो, कोणी पत्र्याचा कठडा काढून नेतो. पुढें ती जणूं वहिवाटीची वाट होते. शेतकऱ्याची अडचण खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. रस्त्यानें शिवाराचे दोन तुकडे केले. घर एकीकडे, खाचर दुसरीकडे. अधिकृत वळण कोसभर लांब. आवणीच्या घाईंत ट्रॅक्टरला तेवढा फेरा घालावयास सांगणें म्हणजे डिझेल व वेळ यांचा चुराडा. ज्यानें रस्ता आंखतांना गुरांची पायवाट पाहिली नाहीं त्याच्याकडेही या खिंडाराचा दोष जातो.

परंतु हिशेब मांडून पाहावा. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर आठ-नऊ मीटर लांब. उभा होता तेथून निघून दोन पदर, म्हणजे सात मीटर, पार करावयास त्यास सुमारें बारा सेकंद लागतात. तेवढ्यांत ८० वेगाची मालमोटार अडीचशें मीटरांहून अधिक अंतर तोडते. मध्यें थांबावें तर दुभाजक चार-पांच मीटर रुंद, म्हणजे ट्रॉलीचें शेपूट मागच्या वेगवान पदरांत उभें. अंधारांत ती दिसतांच हांकणारा चक्र उजवीकडे फिरवितो, आणि त्या उजवीकडेच तें खिंडार असतें. भरलेल्या मालमोटारीस कोरड्या रस्त्यावरही थांबावयास शंभर मीटरांहून अधिक जागा लागते. मृगाच्या पहिल्या सरींनीं रस्ता निसरडा झाला म्हणजे याहूनही अधिक.

दुसरी गोष्ट पेंढ्याच्या गाड्यांची. दिवाळीनंतर पेंढ्याचे भारे दोन्ही बाजूंस हात-दोन हात बाहेर काढून, मागें तांबडा दिवा नाहीं, चमकणारी पट्टी नाहीं, अशा ट्रॉल्या सांजच्या वेळीं रस्त्यावर येतात. मालमोटारवाल्यास दोष देण्यापूर्वीं आपली ट्रॉली रात्रीं शंभर पावलांवरून कशी दिसते हें प्रत्येकानें एकदां स्वतः पाहावें. चमकणारी पट्टी मागें व दोन्ही बाजूंस लावावयास फार खर्च येत नाहीं. बंद पडलेली गाडी पदरांत सोडून जेवावयास जाणें हा तर शुद्ध गुन्हाच समजला पाहिजे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर कळविल्यास ती हलविण्याची सोय आहे. जवळचें वळण टाळण्यासाठीं उलट्या बाजूनें मोटारसायकल हांकणें हें २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यांत धोकादायक हांकणें म्हणून दंडास व कैदेस पात्र आहे, हेंही तरुण मंडळींस सांगावें.

त्याच दुरुस्तीनें दुसरेंही एक कलम आणलें आहे, १९८-अ. रस्त्याची रचना अगर देखभाल ठरलेल्या मानाप्रमाणें न केल्यामुळें मृत्यु वा अपंगत्व आलें, तर संबंधित अधिकारी, सल्लागार व ठेकेदार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. याचा उपयोग करून घ्यावयाचा तर आपले हात स्वच्छ पाहिजेत. खिंडार आपणच पाडलें असेल तर त्या कलमाचें नांव कोणत्या तोंडानें घ्यावयाचें? म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवानें आपल्या हद्दींतील बेकायदा वाटा ग्रामसभेंत ठरवून एकदम बंद कराव्या आणि त्याच ठरावांत, त्यांच्या बदलीं भुयारी वाट, कडेचा सेवारस्ता अगर संरक्षित वळण यांपैकीं काय पाहिजे तें लेखी मागावें. नुसतें बंद करा म्हणून कोणी ऐकणार नाहीं, व नुसतें उघडा म्हणून कोणी मान्य करूं नये.

अर्ज कोणाकडे जावयाचा हें रस्त्यावर अवलंबून आहे. वडप्यापासून नाशिकच्या बाजूस राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, ठाणें ते वडपें या भागासाठीं राज्य रस्ते विकास महामंडळ. दोहोंची एकेक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीस द्यावी. अर्जांत "गांवाजवळ" असें मोघम न लिहितां कडेच्या किलोमीटर दगडावरील आंकडा लिहावा, जागेचा दिवसाचा एक व रात्रीचा एक असे दोन फोटो जोडावे. आवणीच्या व कापणीच्या हंगामांत ट्रॅक्टर, गुरें आणि शाळेंतील मुलें मिळून दिवसांतून किती वेळां रस्ता ओलांडतात याची निदान आठ दिवसांची मोजदाद गांवांतील एखाद्या मुलाकडून वहींत करवून घ्यावी, व तिची नक्कल अर्जाबरोबर पाठवून पोंच मागून घ्यावी.