शिराळ्याचा काळा दगड आणि चंद्रावरची शेती

बत्तीस शिराळा म्हटले की नागपंचमी आठवते. सांगली जिल्ह्यातल्या या गावी आज आपण जाणार आहोत, ते मात्र तिथला दगड पाहायला. विहीर खणताना लागतो तो, घराच्या जोत्यात बसवतात तो, सडकेवर खडी म्हणून पडतो तो साधा काळा दगड. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हारस वर आला, दूरवर पसरला आणि थिजला. असे थरावर थर साचले. वारणेचे खोरे, सह्याद्रीचे डोंगर आणि महाराष्ट्राचा फार मोठा भाग या थरांचा बनला आहे.

आता पौर्णिमेच्या चंद्राकडे पाहा. त्यावरच्या काळपट डागांत कोणाला ससा दिसतो, कोणाला हरिण. ते डाग कशाचे आहेत, ठाऊक आहे? बेसाल्टचेच! १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर उतरलेल्या अपोलो वीरांनी ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आणली. पहिली खेप जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ ने आणली, ती ‘शांतिसागर’ नावाच्या काळ्या मैदानातून. नावात सागर असला तरी तिथे पाण्याचा थेंब नाही. ते थिजलेल्या लाव्हारसाचे पठार आहे. तिथल्या दगडात पायरॉक्झिन आणि फेल्डस्पार ही खनिजे सापडली. शिराळ्याच्या दगडातही मुख्यतः हीच असतात. वयात मात्र जमीन-अस्मानाचा फरक! चंद्रावरचा तो दगड ३५० कोटी वर्षांहून जुना आहे.

आणखी एक फरक आहे, आणि तोच महत्त्वाचा. आपल्याकडचे काही काळे दगड फोडून भिंगाखाली धरले तर त्यांत बारीक पोकळ्या दिसतात. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांनी त्या झालेल्या असतात. पुष्कळदा त्यांत पांढरे, चमकदार स्फटिक असतात. हे बहुधा झिओलाइट. खडकात मुरलेल्या पाण्यामुळे ते तयार होतात आणि त्यांच्या पोटातही पाणी असते. चंद्राच्या काही दगडांतही बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत. झिओलाइट मात्र त्यांत नाही.

पाणी नाही, एवढ्याने काय बिघडले? सगळेच बिघडले. शिराळा तालुक्यातला ऊस आणि भात दगडावर वाढत नाही, मातीत वाढतो; आणि ती माती दगडापासूनच झालेली आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होते आणि दगडातली खनिजे हळूहळू कुजवते. मुळे भेगांत शिरतात, सूक्ष्म जीव आपले काम करतात. हजारो वर्षांनी तयार होते ती चिकण, पाणी धरून ठेवणारी काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्या तिच्यातले पाणी गेल्यामुळेच.

चंद्रावर पाऊस नाही आणि हवा जवळजवळ नाहीच. तिथला दगड फुटतो तो उल्कांच्या माऱ्याने. बेसाल्टवर मोठी उल्का आदळली की काय होते, हे पाहायचे असेल तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर पाहावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा बेसाल्टमध्येच पडला आहे आणि आघाताने खडक वितळून झालेली काचही तिथे सापडते. चंद्रावर लहानमोठे असे आघात कोट्यवधी वर्षे चालू आहेत. म्हणून तिथली ‘माती’ म्हणजे धारदार दगडी भुकटी आणि काचेचे कण. तिला माती म्हणणे हे जरा उदारपणाचेच!

या भुकटीत रोप उगवेल का? अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अपोलो-११, १२ आणि १७ ने आणलेल्या भुकटीत मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपाचे बी पेरले. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक रोपाच्या वाट्याला जेमतेम १ ग्रॅम भुकटी आली! वरून पाणी आणि पोषक द्रव्येही दिली. बी रुजले, अगदी सगळे रुजले. पण आठवडाभरात रोपे मागे पडू लागली. ज्वालामुखीच्या राखेत वाढवलेल्या रोपांपेक्षा त्यांची मुळे खुरटी राहिली, काहींची पाने लालसर-काळी पडली. अपोलो-११ च्या भुकटीतली रोपे सर्वांत खुजी निघाली. ही भुकटी चंद्राच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त काळ मारा सोसलेली होती.

भारतीय माणूस २०४० पर्यंत चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२३ मध्ये जाहीर केले. तेव्हा तुम्ही तिशीच्या आसपास असाल. तिथे मुक्काम करायचा तर प्रत्येक घोट आणि प्रत्येक घास पृथ्वीवरून नेणे परवडणारे नाही. चंद्राच्या भुकटीत वजनाने ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आहे, पण तो खनिजांत जखडलेला. सोडवायला पुष्कळ ऊर्जा लागते. पाण्याचा बर्फ ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत आहे. चंद्रावर पाण्याचे रेणू असल्याचा पुरावा मिळाला तो २००८ मध्ये गेलेल्या आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणातून. राहता राहिली माती. ती करायला शिराळ्यात निसर्गाला हजारो वर्षे लागली. माझ्या मते रॉकेट बांधण्याइतकेच हे काम अवघड आहे, आणि त्याला शेतीचा अभ्यास केलेली माणसेच लागतील.

याची चुणूक शाळेतच पाहता येईल. तीन कुंड्या घ्या. एकीत काळी माती, दुसरीत खडीच्या क्रशरखाली साचणारी बारीक कच, तिसरीत तीच कच आणि मूठभर कुजलेले शेणखत. कच आधी ओली करा, कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नका. ही कच म्हणजे चंद्राची भुकटी नव्हे, हे ध्यानात असू द्या. प्रत्येक कुंडीत मेथीचे दहा दाणे पेरा, पाणी सारखेच द्या, उंची एक दिवसाआड मोजून वहीत लिहा. तीन आठवड्यांनी रोपे अलगद उपटून मुळे धुवा आणि शेजारीशेजारी ठेवून पाहा.