खेळण्यातले घर, मुलाचे घर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने खेळण्याला शिक्षणसाधनाचा दर्जा दिला. पुढे २० फेब्रुवारी २०२३ रोजी तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा संच केंद्र सरकारने प्रसृत केला. ‘माझे कुटुंब’ हा बालशिक्षणातला अगदी आरंभीचा विषय. त्यामुळे खेळण्यातले कुटुंब कसे दिसते, हा आता धोरणाचाही प्रश्न झाला आहे.

सेवेत असताना रायपूरजवळच्या एका अंगणवाडीत पाहिलेला प्रसंग आठवतो. लाकडी कोड्यात आई, बाबा, मुलगा, मुलगी अशा चारच खाचा होत्या. जिचे आईवडील परराज्यात वीटभट्टीवर गेले होते, अशी एक मुलगी विचारत होती, “आजीला कुठे ठेवू?” सेविकेपाशी उत्तर नव्हते, माझ्यापाशीही नव्हते.

चौघांचे हे चित्र काही सनातन नाही. ‘हम दो, हमारे दो’च्या प्रचाराने ते गावोगावच्या भिंतींवर नेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात एका काळाचे धोरण दिसते.

दोन आया किंवा दोन वडील असलेल्या मुलाची अडचण त्या नातीहून बिकट आहे. भारतात एकट्या प्रौढाला मूल दत्तक घेता येते. जोडप्याला मात्र दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन दाखवावे लागते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट तीन विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवली. परिणामी दत्तक मुलाच्या दुसऱ्या आईला कागदोपत्री स्थानच नाही. याच न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दीपिका सिंह प्रकरणात, समलिंगी नात्यांतूनही कुटुंब आकाराला येऊ शकते, असे नमूद केले होते.

संसदेने न सोडवलेला प्रश्न अंगणवाडीवर सोपवू नये, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो गैरवाजवी नाही. परंतु खेळण्याने कोणाला दत्तकाचा हक्क मिळत नाही. समोरच्या मुलाला आपले घर न लपवता मांडता येते, एवढेच. त्यासाठी समलिंगी कुटुंबाचा निराळा संचही नको. खाचा काढून निरनिराळ्या वयांच्या स्त्री-पुरुषांच्या सुट्या आकृत्या द्याव्यात. सेविकेने ‘तुझ्या घरी कोण कोण?’ एवढे विचारावे आणि मुलाचे उत्तर दुरुस्त करू नये. रायपूरच्या राज्य शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेला यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.