दिवाळीचा बाजार आणि उसाचे बेणे



धनत्रयोदशीला आपल्याकडे धणे-गुळाचा नैवेद्य दाखवायची रीत. दोन्ही जिन्नस शेतातलेच, खर्च तो काय! आता त्याच सणाला खामगावच्या चांदीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारसायकल, मोठे टीव्ही यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मोह आणखी वाढला.

वस्तू घेणे वाईट नाही, पण वेळ बघा. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा पैसा हाती येतो. उसाचे बिल गाळपानंतर. नेमकी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर ही पूर्वहंगामी लागवडीची वेळ. बेणे, खत, मजुरी रोख मागतात.

दुकानदार म्हणतो, "बिनव्याजी हप्ता घ्या." रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते कुठल्या तरी शुल्कात दडलेले असते.

तेव्हा आधी बेण्या-खताचे पैसे बाजूला काढा. मग लेकरांचे कपडे, फराळ. उरले तर बाकीचे. टीव्हीची सवलत पुढल्या दिवाळीतही येईल. लागवड लांबली तर घटलेले टनेज मात्र परत येणार नाही.